कबुतरांच्या संसर्गाची नेमकी तपासणी हवी

माननीय संपादक,

दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये वाद पेटला, तेव्हा कबुतरांमुळे होणाऱ्या फुफ्फुसांच्या ॲलर्जीवर भरपूर बोलले गेले. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून ‘क्लॅमिडिया सिटासी’ हा जिवाणूही श्वासावाटे आत जातो आणि सिटाकोसिस हा न्यूमोनियासारखा आजार होतो, हे मात्र मागेच पडले. ताप आणि कोरडा खोकला दोन्हींत असतो. पण ॲलर्जीवर स्टेरॉइड देतात, सिटाकोसिसला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लागते.

हा जिवाणू पेशीच्या आत वाढतो, त्यामुळे कफाच्या नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तो उगवतच नाही. प्रतिपिंडांची पातळी चौपट वाढली का, हे पाहायला काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यावे लागते. उपचार ठरवायला ते कामाचे नाही. जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर तपासणीचे उत्तर प्रयोगशाळेत काही तासांत मिळते. कोविडकाळात घेतलेल्या रिअल-टाइम यंत्रांवरच ही तपासणी होऊ शकते, फक्त या जिवाणूचा डीएनए ओळखणारे प्रायमर-प्रोब हे घटक हवेत.

खरी फसगत पुढे होते. एकाच वेळी अनेक जंतू शोधणाऱ्या श्वसनमार्गाच्या प्रचलित पॅनेलमध्ये बहुधा ‘क्लॅमिडिया न्यूमोनी’ हा वेगळा जिवाणू असतो, सिटासी नसतो. अहवालात ‘क्लॅमिडिया निगेटिव्ह’ वाचून डॉक्टर निर्धास्त होतात आणि रुग्ण सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकवर राहतो. सिटासीवर त्या गटातील औषधे चालत नाहीत. म्हणून मागणीपत्रावर ‘सिटासी’ असे स्पष्ट लिहावे.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यावा. खोलवरचा कफ उत्तम. तो सुटत नसेल तर ब्राँकोस्कोपीतून (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) घेतलेला द्रव. घशाच्या स्वॅबमध्ये जिवाणू कमी असल्याने तो निगेटिव्ह आला तरी आजार नाही असे म्हणता येत नाही. स्वॅब घ्यायचाच तर पॉलिएस्टरचा, प्लॅस्टिकच्या काडीचा; लाकडी काडीतील द्रव्यांनी पीसीआरची क्रिया अडते. नमुना २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवून लगेच पाठवावा. कफातील रक्तानेही क्रिया अडते, म्हणून अंतर्गत कंट्रोल (क्रिया नीट झाली का हे दाखवणारी सोबतची चाचणी) चालला नाही तर अहवाल ‘अवैध’ द्यावा, ‘निगेटिव्ह’ नव्हे.

पक्षी तपासतानाही घाई नको. पोपट-कबुतरे जिवाणू रोज बाहेर टाकत नाहीत, म्हणून एका दिवसाची विष्ठा पुरत नाही. तीन ते पाच दिवसांची एकत्र करून पाठवावी.

ऑस्ट्रिया, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये रुग्ण वाढल्याचे आणि पाच जण दगावल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये कळवले. तिथे पीसीआर होत होती, म्हणून रुग्ण सापडले. आपल्याकडे गॅलरीत कबुतरे, पिंजऱ्यात लव्हबर्ड आणि गावोगावी कुक्कुटपालन असूनही न्यूमोनियाच्या रुग्णाला ‘घरी पक्षी आहेत का?’ हे क्वचितच विचारले जाते. उत्तर ‘हो’ आले आणि लक्षणे जुळली, तर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करावे; गरोदर स्त्रियांना त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन देतात.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी ही पीसीआर सुरू करावी आणि नमुन्याच्या अर्जात पक्ष्यांच्या संपर्काचा रकाना घालावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे