गावाची नोंदवही गावानेच लिहावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून असलेल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी 19 वर्षे शिकवले. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना ग्रामपंचायतीच्या कपाटात मला आमच्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही सापडली, म्हणजे गावातली झाडे, प्राणी आणि त्यांबद्दल लोकांना असलेली माहिती लिहून ठेवायची वही. बांधणी सुबक, मुखपृष्ठ रंगीत. आत झाडांच्या यादीत कोकम होते, सुरंगी होती. ही कोकणातली झाडे. आमच्या जंगलात एकही नाही. रोहन, धावडा, बिजा यांचा पत्ता नव्हता. आणि ज्या मोहावर घरोघरी उन्हाळा निघतो, त्याला एक ओळ मिळाली होती.

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ही नोंदवही गावातल्या समितीने लोकांना विचारून करायची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली होती आणि त्यानंतर राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरण्याची तंबीही. हेतू चांगलाच होता. पण आमच्याकडे काम बाहेरच्या माणसांकडे गेले. ते एका दुपारी आले, सह्या घेऊन गेले. गुरे राखणाऱ्याला कोणी विचारले नाही, तेंदू तोडणाऱ्या बायांना नाही, बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, मासे धरणाऱ्या ढिवरांना तर नाहीच.

हे वाचून राग आला, पण लगेच एक जुनी गोष्ट आठवली आणि तो राग माझ्याकडेच वळला. शाळेत दरवर्षी ‘वाघ वाचवा’ चित्रकला स्पर्धा व्हायची. एका वर्षी सातवीतल्या मुलीने नुसते मोहाचे झाड काढले, खाली वाळके गवत आणि एक टोपली. वाघ कुठे आहे, असे मी विचारले. ती म्हणाली, “आहे ना गुरुजी, बसून आहे. बसला की दिसत नाही. मोह पडला की चितळ येते, अन् चितळामागं तो येते. आई म्हणते, वाकून वेचू नको, मधामधात उठून उभी राहा.” परीक्षक मीच होतो. वाघ काढला नाही म्हणून मी त्या चित्राला नंबर दिला नाही. जंगलाचा अख्खा धडा तिने एका कागदावर मांडला होता आणि मला तो वाचता आला नाही, याची खंत आजही आहे.

म्हणून शेवटच्या दोन वर्षांत आम्ही नोंदवही पुन्हा लिहायला घेतली. शनिवारची शाळा सुटली की मुले घरच्या म्हाताऱ्यांना धरून बसत. पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर कोणते मासे बोडीतून धानाच्या बांध्यांत चढतात, अस्वल मोहावर कोणत्या वेळी येते, रानडुकरांचा कळप धानात शिरायची वाट कोणती, कोणत्या कुळाने कोणता प्राणी मारायचा नाही. सगळे मुलांच्या अक्षरात, गावाच्या बोलीत. गोंडी नावे आधी, पुस्तकातली नंतर. औषधी झाडे जाणणाऱ्या एका आजींनी दोन मुळ्यांची नावे सांगायला नकार दिला. त्या दोन जागा आम्ही कोऱ्या ठेवल्या. काय सांगायचे आणि काय राखायचे, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे.

सर्वांत मोलाचे पान मोहाचे निघाले. मुलांनी रानातले जुने मोह मोजले आणि विचारले, “लहान मोह एकही का दिसत नाही?” उत्तर मोठ्यांनीच दिले. फुले वेचायला सोपे जावे म्हणून आपण झाडाखालचा पाला जाळतो, त्यात रोपटी जळतात. उरलेली गुरे खातात. टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, तर आपण तेलासाठी वेचूनच नेतो. हे पान ग्रामसभेत एका मुलाने उभे राहून वाचले. त्या हंगामापासून बऱ्याच घरांनी जाळणे सोडून झाडाखाली जुन्या साड्या अंथरायला सुरुवात केली. बाया उजाडल्यावर आणि गटानेच जाऊ लागल्या. सगळ्यांनी ऐकले असे नाही. पण पाला जाळू नका, असे फलक किती वर्षे लागलेले होते; त्यांनी एकही काडी थांबवली नव्हती.

हे आमचेच काही वेगळे शहाणपण नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क, म्हणजे आपले जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा गावाचा हक्क, मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट बसत आणि निर्णय सर्वसहमतीने होत. आमच्याच जिल्ह्यातल्या पाचगावने, तेंदूपानासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लागतात हे पाहून, उत्पन्न सोडून तेंदू तोडणेच बंद केले. वनहक्क कायद्याचे कलम 5 वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देते. आमच्या शाळेतल्या एकाही पाठात हे कलम मी कधी शिकवले नव्हते. वाघ राखायचा तो दुसऱ्या कोणीतरी, असेच मुले शिकत गेली.

माझे शासनाकडे मागणे एवढेच आहे. घाईत झालेल्या नोंदवह्या पुन्हा लिहायला घ्या आणि ते काम परिसर अभ्यासाचा भाग म्हणून गावच्या शाळेला द्या. सांगणाऱ्या गुराख्याला, आजीला त्या दिवसाची मजुरी द्या, कारण त्यांचा रोज बुडतो. नोंदवही ग्रामसभेच्या ताब्यात राहू द्या. आणि जंगलालगतच्या शिक्षकांना विनंती, आपल्या ग्रामपंचायतीतली प्रत एकदा मागून घ्या आणि मुलांसमोर मोठ्याने वाचा. चुका मुलेच काढतील.

आमची नवी वही अजून अधिकृत झालेली नाही. ती शाळेच्या पेटीत आहे आणि मोहाच्या पानाला मागच्या हंगामात मुलांनी आणखी दोन पाने जोडली आहेत.

आपला,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक,
जि. चंद्रपूर