बँकेतल्या मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिले होते

मॅडम नमस्कार, मी दारव्ह्याकडचा, ज्याच्या बाबांचं एटीएम कार्ड तुम्ही करून दिलं तो. काम तर झालंच, पण लिहायचं वेगळंच आहे. फॉर्म भरता भरता तुम्ही उठल्या आणि म्हणाल्या, "काका, मी जरा आत साहेबांकडे जाते, आले की सांगते." परत आल्यावरही आधी "आले हं काका", मग खुर्ची सरकवली.

एवढंच. पण बाबांशी असं कोणी वागत नाही हो. लहानपणी देवीत डोळे गेले त्यांचे. लोक बोलता बोलता गुपचूप उठून जातात, बाबा आपले रिकाम्या जागेशी बोलत राहतात, मग कोणीतरी हसतं आणि ते हसणं त्यांना बरोबर ऐकू येतं.

आधीच्या ब्रँचमध्ये तर बाबा समोर बसलेले आणि सगळे प्रश्न मला, "यांना सही येते का", "यांना कार्ड कशाला पाहिजे". अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारायचं नाही असं रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्येच सगळ्या बँकांना कळवलंय, पण नियम जाऊ द्या, निदान त्यांच्याशी बोलायचं तरी. बाबा घरी येऊन जेवले नाहीत त्या दिवशी.

त्यांचं सगळं ध्यान आवाजावर. चपलेवरून सांगतात दारात कोण आलं, टिनावरच्या पावसावरून सांगतात उद्या वावरात पाय ठेवता येईल का. 1994 मध्ये आमच्याकडच्या शकुंतला रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन काढून डिझेल लावलं ना, तर बाबा म्हणतात गाडी स्टेशनात यायच्या आधीच मले समजलं, तिची धापच गेली. आता ती गाडीही बंद आहे पण बाबा अजून तिची शिट्टी जशीच्या तशी काढून दाखवतात.

आणि नोटा! नवीन 100 ची लांबी 142 मिलिमीटर, 200 ची 146, 500 ची 150, फक्त चार चार मिलिमीटरचा फरक, पऱ्हाटीत राबलेल्या बोटांना तो काय कळणार. तुम्ही एकेक नोट बोलून हातात ठेवली, मागं लाईन लागली होती तरी. माणुसकी अशी साधीच असते, तिला पैसा लागत नाही. तुमच्याकडे नवीन पोरं जॉईन झाली की उठताना सांगून उठायचं तेवढं शिकवा त्यांना.

बाबा म्हणतात मॅडमले जेवाले बोलाव. पोळ्याला या, एसटी फाट्यावर थांबते, मी गाडी घेऊन येतो घ्यायला.