पाणी राखणाऱ्या तुम्हा सगळ्यांना मनापासून थँक्यू
नावं माहीत नाहीत तुमची, पण आभार मानायचेच होते. नळ सोडला की पाणी येतं, आपण एवढंच बघतो, पण त्यामागे कोणीतरी नदीत गुडघाभर उतरून बाटलीत सॅम्पल घेतलेलं असतं, बर्फाच्या पेटीत ठेवून लॅबला पळवलेलं असतं आणि मग बीओडीची टेस्ट, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायचं, त्यासाठी २० अंशांवर तब्बल ५ दिवस थांबायचं, घाई करून चालतच नाही. पाणी किती नितळ आहे ते बघायची ती गोल सेकी डिस्क, दोरीला बांधून तळ्यात सोडायची, दिसेनाशी झाली की खोली लिहून घ्यायची, १८६५ पासूनची साधी युक्ती पण किती सांगून जाते!

आणि पाणलोटाचं काम तर माथ्यापासून पायथ्यापर्यंत, आधी वर डोंगरावर समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे चर खणायचे, पाण्याचा वेग मोडायचा, माती धरून ठेवायची, मगच खाली बंधारे, नाहीतर सगळा गाळ बंधाऱ्यातच येऊन बसतो. हा क्रम सोडू नका म्हणून तुम्ही किती जणांशी भांडला असाल, मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. उन्हातान्हात वर चढून ते चर आखणाऱ्या आणि रिपोर्टमध्ये खरा आकडा लिहिणाऱ्या प्रत्येकाला खूप खूप थँक्यू, तुमचे उपकार आहेत आमच्यावर.