गोल्फच्या अनुदानात रिक्षाभाडंही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरीब वस्तीतल्या मुलांना गोल्फ शिकवण्यासाठी कुणी अनुदान द्यावं असं आपल्या बडोद्यात म्हटलं, की ऐकणारा आधी हसतो. मग विचारतो, "आणि शाळेतल्या नळाचं काय?" प्रश्न रास्त आहे. मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं सीएसआरचे, म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर करायच्या खर्चाचे, प्रस्ताव माझ्या टेबलावरून जात, त्यामुळे नळ आणि खेळ दोघांचे पैसे एकाच पिशवीतून निघतात हे मला ठाऊक आहे. तरीही या खेळासाठी अनुदान द्यावं असं माझं मत आहे. फक्त ते कशावर खर्च व्हावं, याबद्दल मला भांडायचं आहे.

आधी कायद्याचं बघू. 2013च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. गोल्फ 1904नंतर ऑलिंपिकमधून गेला होता, तो 2016मध्ये रिओला परतला. म्हणजे कागदोपत्री अडचण काहीच नाही. आपल्याभोवती रिफायनरी आहे, औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, पैसा आहे.

मैदानही आहे. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातलं मैदान मुळात राजघराण्याच्या युरोपियन पाहुण्यांसाठी तयार झालं. 1990च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी ते नव्याने करून बाहेरच्या लोकांना खुलं केलं. खाजगी मालमत्ता खुली करणं ही लहान गोष्ट नाही. पण दांडिया बाजारातल्या किंवा वाडी भागातल्या किती मुलांना भिंतीपलीकडे गोल्फ खेळतात हे माहीत असतं? त्याच आवारात मोतीबाग आहे, आणि क्रिकेटसाठी तिथं जायचं स्वप्न मात्र गल्लीतलं प्रत्येक पोर पाहतं. मांडवीच्या मशिदीच्या आवारात वाढलेले पठाण बंधू भारताकडून खेळले, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. क्रिकेटला बॅट उसनी मिळते, मैदान नसलं तर रस्ता चालतो. गोल्फचा चांगला नवा संच लाखाच्या घरात जातो आणि तो रस्त्यावर खेळताच येत नाही.

म्हणून आजवर आपल्याकडे गरीब घरातून जे गोल्फर आले, त्यांतले कितीतरी मैदानाच्या आत आधीपासून पोटापाण्यासाठी होते. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर अली शेर. 1991मध्ये जिंकला, तो दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी उचलणारा. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये हिरवळ राखायचे. त्याने 2008मध्ये इंडियन मास्टर्स जिंकली आणि 2016 व 2017 अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन. यांना कुणी शोधायला गेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या पिशव्या उचलता उचलता, मालक मंडळी गेल्यावर उसन्या काठीने शिकलेली ही माणसं.

तेव्हा अनुदानाचा पहिला हक्क मला विचाराल तर कॅडींच्या आणि माळ्यांच्या मुलांचा आहे. त्यांना खेळ माहीत असतो, वाट माहीत असते, फक्त टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, लावून उभं राहायची परवानगी नसते. प्रस्तावांत मात्र ही मुलं क्वचित दिसतात. तिथं असतात पांढऱ्या टोप्या घातलेली वीस मुलं, बॅनर आणि पाहुणे. मार्च जवळ आला की पैसे संपवायची घाई असते. एक दिवसाचं शिबिर होतं, टोप्या मुलांकडे राहतात, काठ्या परत जातात. अशा शिबिरांच्या बिलांवर मीही सह्या पाहिल्या आहेत.

अमेरिकेत या कामाला बरीच वर्षं झाली. तिथल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या घटनेत 1961पर्यंत सभासद फक्त गोरा असावा असं कलम होतं. 1997मध्ये मोठ्या गोल्फ संस्थांनी मिळून फर्स्ट टी हा मुलांसाठीचा उपक्रम काढला. पण मला जास्त पटते ती यूथ ऑन कोर्सची पद्धत. उत्तर कॅलिफोर्नियात 2006मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात मूल पाच डॉलर किंवा त्याहून कमी देऊन खेळतं आणि मैदानाला वरच्या रकमेचा ठरलेला भाग संस्था भरून देते. हिशेबवाल्या माणसाला यातली खुबी लगेच दिसते. मैदानाचं नुकसान होत नाही, नाहीतरी रिकाम्या जाणाऱ्या वेळेचे पैसे मिळतात. देणगीदाराला दर महिन्याला किती मुलं किती वेळा खेळली याचा आकडा मिळतो. टोप्या मोजायची गरज उरत नाही. आणि मुलाने थोडे का होईना पैसे दिलेले असतात, त्यामुळे ते उपकाराखाली दबून येत नाही.

आपल्याकडे मंगळवार-बुधवारच्या दुपारी हे सहज जमेल. नवं मैदान बांधायची अजिबात गरज नाही. विश्वामित्रीच्या काठच्या शहरात जमिनीचं आणि पाण्याचं काय होतं ते आपण दर पावसाळ्यात पाहतो. शाळांच्या पटांगणात जाळी लावून आणि प्लास्टिकच्या काठ्यांनी सुरुवातीचं सगळं शिकवता येतं. गोल्फमधले निम्मे फटके भोकाभोवतीच्या हिरवळीवरचे आणि तिच्या आसपासचे असतात. त्याला ना मोठी जागा लागते ना ताकद.

पण एवढ्यावर अनुदान थांबलं, तर फसणार. आपल्या शहराला हे सांगायची खरं तर गरज पडू नये. 1913मध्ये सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड. त्या काळातली याहून मोठ्या मनाची शिष्यवृत्ती शोधावी लागेल. तेच आंबेडकर 1917मध्ये बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला कुणी खोली दिली नाही. पारशी विश्रांतीगृहातून त्यांना बाहेर काढलं आणि कमाटी बागेत झाडाखाली बसायची वेळ आली. दरबाराने पैसे दिले होते. शहराने जागा दिली नाही. गोल्फची तुलना त्या अपमानाशी करण्याइतकी मी वेडी नाही. पण अनुदानाची मेख कुठे असते ते कळायला हे उदाहरण आपल्याच बागेत आहे.

मुलाची ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळायची फी, भरली, पण कॉलर असलेला टीशर्ट नाही म्हणून फाटकावर अडवलं तर? सभासद चहा पितात त्या खोलीत त्याने पाणी प्यायचं की मागच्या नळावर? त्याला शिकवणारा त्याच्याशी गुजरातीत, मराठीत, हिंदीत बोलेल, की इंग्रजी येत नाही म्हणून मूल मान डोलावत राहील? आणि मुलींचं काय? अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये चौथी आली, दीक्षा डागरने बधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलं, तेव्हा मुलींना जमत नाही असं तर कुणी म्हणू नये. पण वाडीतली आई तेरा वर्षांच्या मुलीला संध्याकाळी एकटी पाठवणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. तिच्यासोबत कुणी मोठी बाई रिक्षाने येणार असेल तरच ती मुलगी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दिसेल. प्रस्तावात 'वाहतूक' हा रकाना आला की साहेब लोक तो आधी खोडतात, कारण रिक्षाचा फोटो अहवालात चांगला दिसत नाही.

दुसरी अडचण मुदतीची. सीएसआरचा चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपेक्षा जास्त चालवता येत नाही. दहा वर्षांचं मूल तोपर्यंत चौदाचं होतं, नेमकं स्पर्धेला उभं राहायच्या वयात येतं, आणि पैसे थांबतात. त्यामुळे एकाच कंपनीवर विसंबू नये. दोन-तीन कंपन्यांनी वर्षांची पाळी लावून घ्यावी आणि पैसे एखाद्या जुन्या, शिस्तीच्या क्रीडासंस्थेमार्फत जावेत. आखाडे-व्यायामशाळांची परंपरा असलेल्या बडोद्यात अशी संस्था सापडणार नाही असं नाही. सगळीच मुलं स्पर्धेत टिकणार नाहीत, हेही पहिल्याच दिवशी मान्य करावं. त्यांतला कुणी पुढे हिरवळ राखायला शिकेल, कुणी काठ्या दुरुस्त करील, कुणी प्रशिक्षक होईल. या कामांना पगार असतो.

या वर्षीचे प्रस्ताव ज्या मंडळींच्या टेबलावर येतील, त्यांना माझी विनंती एवढीच, की बॅनरची रक्कम वाहतुकीच्या रकान्यात टाकावी आणि मुलांच्या यादीत कॅडींच्या घरची नावं किती आहेत ते आधी पाहावं.

कळावे,
आपली एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे