गेममधलं मूल म्हणजे सामान नव्हे

महोदय,

व्हिडिओगेममधल्या हिंसेवर वाचकांची पत्रं येतच असतात. मी स्वतः हौसेने गेम खेळते, आणि माझी तक्रार जरा वेगळी आहे: गेममधलं मूल बहुतेक वेळा मूल नसतंच.

'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या शहरांत रस्त्यावर लहान पोर दिसत नाही. खेळणाऱ्याच्या हाती बंदूक असते, त्यामुळे कारण कळतं. 'स्कायरिम'मध्ये (2011) मुलं आहेत, पण तलवारीने त्यांना इजाच होत नाही. 1997च्या 'फॉलआउट'मध्ये मूल मारलं तर 'बालहत्यारा' हा शिक्का बसायचा. युरोपीय आवृत्तीतून मग मुलंच काढून टाकली. मुलांना इजा होऊ नये हे मान्यच. पण इजा टाळायची म्हणून ती गायब करायची किंवा त्यांचे दगड करायचे, एवढंच सुचतं?

कथेत मूल असलं तरी ते मोठ्यांच्या उपयोगापुरतं. 'बायोशॉक'मधल्या (2007) छोट्या मुलीला वाचवलं तर 80 ॲडम (गेममध्ये नव्या शक्ती विकत घ्यायचं चलन) मिळतं, तिचा जीव घेतला तर 160. शिवाय तीन मुली वाचवल्या की 200 ची भेट. म्हणजे तीन मुलींमागे 440 विरुद्ध 480! हा म्हणे नैतिक पेच. त्या मुलींना स्वतःला काय हवंय, हे या हिशोबात कुठेच येत नाही. 'द लास्ट ऑफ अस'मधली (2013) सारा तर सुरुवातीलाच मरते, बापाच्या दुःखाची सोय म्हणून. त्याच गेममधली दुसरी मुलगी, एली, निदान जगते आणि पुढे काही काळ तिला आपण खेळवतो.

अपवाद क्लेमेंटाइनचा. 'द वॉकिंग डेड'च्या पहिल्या पर्वात (2012) ती आठ वर्षांची असते आणि आपण तिला सांभाळणारे. दुसऱ्या पर्वात आपणच क्लेमेंटाइन होतो. हाताला कुत्रा चावलाय, असं ती जीव तोडून सांगते. झॉम्बी चावला असेल या भीतीने मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत, तिला शेडमध्ये कोंडतात. शेवटी ती स्वतःची जखम स्वतःच शिवते. तो प्रसंग खेळताना माझा हात थरथरत होता. तिथे रक्त आहे म्हणून नव्हे. खरं बोलूनही मोठ्यांनी ऐकलं नाही, हे लहानपणी कुणाच्या वाट्याला आलं नाही?

गेमच्या परीक्षणांत ग्राफिक्स आणि तासांचा हिशोब असतोच. त्यातलं मूल स्वतःहून काय करतं, हेही कुणी लिहावं. 'दिस वॉर ऑफ माइन'मध्ये 2016 साली मुलं आली, तेव्हा युद्धातल्या त्या घरात मोजकं सामान वाचवायचं की पोरासाठी खेळणं करायचं, असा प्रश्न मला पडला होता.

मी खेळणं केलं.

आपली,
एक वाचक