पाच मे म्हणजे त्यांचा पंधरा ऑगस्ट नव्हे

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१० मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर माझ्या डोक्यावरची परातीएवढी टोपी बघून तुम्ही विचारलंत, "आज काय सोंग काढलंयस?" ऑफिसात मेक्सिकन लोकांचा सण आहे म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे त्यांचा पंधरा ऑगस्ट?" आणि मी हो म्हणून टाकलं. एक तर तुमचं कानातलं मशीन चार्जिंगला लावलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. ते साफ चूक निघालं. ही एवढी मोठी दुरुस्ती फोनवर ओरडून सांगण्यातली नाही, म्हणून पत्र. दादाला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय. आई, तू वाचून दाखवलंस तरी चालेल, पण लढाई आली की पानं उलटू नकोस.

चूक दाखवली ती आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी. त्या मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या. संध्याकाळी जिन्यात मी टोपीसकट समोर आले. मी मोठ्या उत्साहाने त्यांना स्पॅनिशमध्ये 'सिन्को दे मायो'च्या, म्हणजे पाच मेच्या शुभेच्छा दिल्या. त्यांनी विचारलं, कशाच्या शुभेच्छा, माहीत आहे का? म्हटलं, तुमच्या स्वातंत्र्याच्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मला आत बोलावून चहा करायला ठेवला.

मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर. १८१० साली त्या दिवशी पहाटे मिगेल इदाल्गो नावाच्या पाद्र्याने दोलोरेस गावात चर्चची घंटा वाजवून स्पेनविरुद्ध उठाव पुकारला. अजूनही १५ तारखेच्या रात्री तिथले राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून घंटा वाजवतात. पाच मेची गोष्ट त्यानंतर अर्ध्या शतकाने घडली, आणि ती सुरू होते थकीत कर्जापासून. म्हणूनच बाबा, तुमची आठवण झाली. आयुष्यभर बँकेच्या वसुली खात्यात काढलेल्या माणसाला ही गोष्ट सांगायची म्हणजे मजाच आहे.

१८६१ साली मेक्सिकोत तीन वर्षांचं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं आणि खजिन्यात खडखडाट होता. राष्ट्राध्यक्ष होते बेनितो हुआरेस, झापोतेक आदिवासी घरातून वकिलीपर्यंत आणि तिथून सर्वोच्च पदापर्यंत पोहोचलेले. (मुसोलिनीच्या बापाने पोराचं नाव बेनितो ठेवलं ते यांच्यावरून. बिचारे हुआरेस!) जुलैमध्ये त्यांनी जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते दोन वर्षं मिळणार नाहीत. कर्ज बुडवतो असं म्हटलं नव्हतं, फक्त मुदत मागितली होती. सावकार तिघे होते, इंग्लंड, स्पेन आणि फ्रान्स. ऑक्टोबरअखेर त्यांनी लंडनमध्ये करार केला आणि वसुलीसाठी आरमारं धाडली. जप्तीची ऑर्डर नाही, लिलावाची नोटीस नाही, थेट वेराक्रूसच्या बंदरात गलबतं.

या कर्जातलं एक प्रकरण तुम्ही नीट ऐका. जेकर नावाच्या स्विस बँकरने आधीच्या, पडलेल्या सरकारला पैसे दिले होते. सरकारच्या हातात रोख पडले दहा लाख पेसोंपेक्षाही कमी, आणि रोखे लिहून घेतले दीड कोटींचे. फ्रान्स म्हणे, हे दीड कोटी पूर्ण द्या. कारण? बादशहा तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ मोर्नीचा ड्यूक त्यात वाटेकरी होता. तुम्ही एखाद्या संचालकाच्या मेव्हण्याचं कर्ज असंच फायलीतून वर काढल्याची गोष्ट सांगायचात, तीच ही, फक्त समुद्रापारची.

इंग्रज आणि स्पॅनिश मंडळींना १८६२च्या एप्रिलपर्यंत कळून चुकलं की फ्रेंचांना वसुली नको, देशच हवाय. दोघांनी बोलणी आटोपून काढता पाय घेतला. इंग्रजांनी आपण होऊन कुठून निघून जाणं म्हणजे तुम्हाला पटणार नाही, पण झालं खरं तसं. नेपोलियनच्या मनात मेक्सिकोत आपल्या मर्जीतला राजा बसवायचा होता. बाजूला अमेरिका स्वतःच्याच यादवी युद्धात अडकलेली, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं.

फ्रेंच सेनापती लोरेंसे सहा हजार सैन्य घेऊन राजधानीकडे निघाला. त्याने एप्रिलअखेरीस पॅरिसला लिहून कळवलं होतं की वंश, शिस्त, नीतिमत्ता या सगळ्यांत आपण या लोकांच्या इतके वर आहोत की मेक्सिको आत्ताच माझा आहे असं समजा. वाटेत पुएब्ला लागलं. शहराच्या उत्तरेला टेकडीवर लोरेतो आणि ग्वादालुपे असे दोन लहान किल्ले. तिथे होता तेहतीस वर्षांचा इग्नासियो सारागोसा, डोळ्याला चष्मा, दिसायला शाळामास्तर. त्याची बायको जानेवारीत वारली होती आणि हा तेव्हाही लष्करातच अडकलेला. त्याच्याकडे माणसं चार-पाच हजार, बऱ्याच बंदुका जुन्या. डोंगराळ भागातून आलेल्या आदिवासींच्या एका तुकडीकडे तर कोयत्यासारखे माचेते होते. रानात ऊस आणि झुडपं तोडायचं हत्यार.

५ मे १८६२. लोरेंसेने सरळ टेकडीवर चाल केली. दूरवरून तोफांचा मारा करून बराच दारूगोळा उडवला, तटाला फारसं काही झालं नाही. मग झुआव्ह सैनिक चढू लागले. लाल तुमानी घातलेले, क्रिमिया आणि इटलीत नाव कमावलेल्या पलटणींचे हे लोक. तीनदा चढले आणि तीनदा मागे रेटले गेले. दुपारी वादळी पाऊस आला आणि उतारावर चिखल झाला. बाबा, आपल्याकडे पावसात गडाची वाट कशी होते ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी फ्रेंच मागे हटले तेव्हा त्यांचे मेलेले आणि जखमी मिळून पाचशेच्या घरात होते, मेक्सिकोचे मृत शंभराच्या आत. सारागोसाने राजधानीला तार केली, "देशाच्या शस्त्रांनी आज कीर्ती पांघरली आहे." खालच्या बाईंनी मला त्याचा चेहरा असलेली जुनी पाचशे पेसोंची नोट दाखवली, मागच्या बाजूला पुएब्लाचं कॅथेड्रल. ती आता चलनात मिळत नाही म्हणून त्यांनी कव्हरमध्ये घालून ठेवलीय. तुमच्या जुन्या नोटांच्या वहीसाठी मागायचा मोह झाला, पण धीर झाला नाही.

आता खरी गंमत अशी की ही लढाई जिंकून युद्ध जिंकलं नाही. सारागोसा चारच महिन्यांत, ८ सप्टेंबरला, विषमज्वराने गेला. पुढच्या वर्षी फ्रेंच तीसेक हजार फौज घेऊन परत आले. दोन महिने वेढा दिला आणि १७ मे १८६३ रोजी पुएब्ला पडलं. जूनमध्ये राजधानी गेली. १८६४ साली ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन बादशहा म्हणून आणून बसवला. हुआरेस मात्र हटले नाहीत, उत्तरेकडे सरकत सरकत सरकार चालवत राहिले. अखेर फ्रेंच सैन्य निघून गेलं आणि १९ जून १८६७ रोजी केरेतारोच्या एका टेकडीवर मॅक्सिमिलियनला गोळ्या घातल्या. म्हणजे त्या एका दिवसाने मिळालं काय? वर्षभराचा वेळ. तेवढंच. पण सगळ्या देशाला आपण हरलोच आहोत असं वाटत असताना मिळालेला वर्षभर, हे काही कमी नाही.

मग मेक्सिकोत आज हा सण कसा होतो? बाई म्हणाल्या, पुएब्लात दणक्यात. त्या शाळेत असताना पांढरे मोजे घालून संचलनात चालल्यात, उन्हात दोन तास. बाकी देशात देशव्यापी सुट्टीसुद्धा नाही. मग इथे अमेरिकेत एवढा गाजावाजा का, हे मी नंतर वाचत बसले, आणि तिथे मला आपलं एक ओळखीचं गाव भेटलं.

आठवतं, तुम्ही इथे आला होतात तेव्हा योसेमिटीला जाताना वाट वाकडी करून आपण कोलंबिया नावाच्या जुन्या गावात थांबलो होतो? लाकडी दुकानं, घोडागाडी, लोहाराचा भाता. बाबा घोडागाडीच्या भाड्यावरून हुज्जत घालत होते. आई, तू लांबलचक पन्हाळीपाशी उकिडवी बसून तसराळ्यात वाळू धूत होतीस आणि सोन्याचे दोन कण सापडल्यावर "यात गुंजभर तरी भरेल का?" असं विचारत होतीस. ते सोन्याच्या खाणींच्या काळातलं गाव. तिथे मेक्सिको आणि चिलेहून आलेले पुष्कळ खाणकामगार होते. शेजारच्या सोनोरा गावाचं नावच मेक्सिकोतल्या सोनोरावरून पडलेलं. पुएब्लाच्या विजयाची बातमी काही आठवड्यांनी स्पॅनिश वर्तमानपत्रांतून कोलंबियात पोहोचली आणि त्या लोकांनी तिथल्या तिथे बंदुकीचे बार काढले, फटाके उडवले, गाणी म्हटली, भाषणं ठोकली. हा सण तिथून धरतात. मेक्सिकोबाहेर, त्या मातीच्या रस्त्यावर.

त्यांना इतकं भरून यायला दुहेरी कारण होतं. कॅलिफोर्निया जेमतेम चौदा वर्षांपूर्वीपर्यंत मेक्सिकोचाच भाग होता. मेक्सिकोने गुलामगिरी १८२९ मध्येच बंद केली होती आणि इकडे अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं ती टिकवण्यासाठी लढत होती. नेपोलियनचा कल त्या दक्षिणेकडे. त्यामुळे पुएब्लात फ्रेंच हरले म्हणजे गुलाम ठेवणाऱ्यांचा पाठीराखा हरला, असा त्यांचा हिशेब. काही जण तर म्हणतात की पुएब्ला झालं नसतं तर अमेरिकेचं यादवी युद्धच उलटलं असतं. मला ते फार ताणल्यासारखं वाटतं. पण लोकांना तेव्हा काय वाटलं, ते खरंच आहे. गावोगावी त्यांनी देशभक्त मंडळं काढली, शंभरावर, आणि दरमहा वर्गणी गोळा करून हुआरेस यांच्या सरकारसाठी पाठवली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ५ मे १८६३ रोजी कॅलिफोर्नियात लोक पहिला वाढदिवस साजरा करत होते तेव्हा पुएब्लाला वेढा पडलेला होता, आत लोक उपाशी. आणि बारा दिवसांनी शहर पडलं. इकडे भाषणं चालली होती तेव्हा भाषण करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं. त्या वेळी बातमी यायला आठवडे लागत. बाबांच्या बायपासच्या वेळी मी इथे एका डोहाळजेवणात फुगे फुगवत होते आणि तुम्ही दोघांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलंत, "उगाच काळजी नको म्हणून." तेव्हा फोन होता, तरीही. असो. त्याबद्दल मी अजून रागावलेली आहे, एवढं लिहून पुढे जाते.

पुढचं थोडक्यात. १९६० नंतर इथल्या मेक्सिकन तरुणांनी हक्कांच्या चळवळीत हा दिवस पुन्हा वर काढला, कारण आक्रमकाला हरवल्याची गोष्ट त्यांना हवी होती. १९८०च्या सुमारास तो बिअरवाल्यांच्या नजरेस पडला, आणि मग कागदी टोप्या, खोट्या मिशा, अर्ध्या किमतीत पेयं. आमच्या ऑफिसातली पार्टी ही त्याच वंशातली. टोपी मी टाकून दिली.

आई, बाईंनी परवा डबाभर 'मोले' दिलं, पुएब्लाची खासियत. सुक्या मिरच्या, तीळ, दालचिनी, लवंग, सगळं भाजून वाटलेलं, वर थोडं चॉकलेट. रंग आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शाचा. चॉकलेटचं नाव काढून तोंड वाकडं करू नकोस, कळतही नाही. मी त्यांना तुझा गोडा मसाला दिला. आता त्यांना कृती हवीय. धने किती भाजायचे ते मापात लिही, "अंदाजाने" लिहू नकोस.

आणि त्या दिवशी तुझे ते दोन कण दुकानदाराने पाणी भरलेल्या बोटभर बाटलीत घालून दिले होते. तिच्यावर कोलंबियाचं नाव आहे. ती शोकेसमध्ये आहे की दसऱ्याच्या आवराआवरीत गेली? असेल तर बाबांना दाखव.

तुमची,
ताई