प्रकल्पात पाहिलेलं लिहू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शाळांचे पहिल्या सत्राचे प्रकल्प तपासून सध्या घरी परत येत आहेत. आमच्याकडेही वही आली आणि तिच्यावरचा लाल शेरा वाचून हे पत्र लिहायला बसले. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण गाऱ्हाणं एका शाळेपुरतं नाही. ज्यांच्या घरात शाळकरी मूल आहे त्यांना ही वही न बघताही डोळ्यांसमोर येईल.

मुलगी दहावीत आहे. जलसुरक्षा विषयासाठी परिसरातल्या एका जलस्रोताची माहिती लिहून आणायची होती. सातारकरांना धबधबा म्हटला की ठोसेघरच. बोगद्यातून बाहेर पडायचं, सज्जनगड मागे टाकायचा आणि घाट चढायचा. ऑगस्टातल्या एका रविवारी सासऱ्यांसकट आम्ही सगळे गेलो. पोचलो तर समोर नुसतं धुकं! दरीभर आवाज, पाणी कुठंच नाही. फोटोसाठी आलेली मंडळी कंटाळून कणसं खायला निघून गेली. आम्ही मात्र कठड्याशी थांबलो, कारण प्रकल्प होता ना. बऱ्याच वेळानं धुकं विरलं आणि पलीकडचा अख्खा कडा उघडा पडला.

वहीत पहिला रकाना होता उंचीचा. इंटरनेटवर ठोसेघरची उंची कुठं दोनशे मीटर आहे, तर कुठं चक्क पाचशे. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. त्यातलं सूत्र घेऊन पोरीनं तिथंच हिशेब मांडला. पाचशे मीटरवरून एखादी वस्तू मोकळी पडली तर खाली यायला साधारण दहा सेकंद लागतील, आणि हवेचा अडथळा धरला तर पाण्याला त्याहून जास्तच. मग कड्यावरून सुटणारा पाण्याचा एखादा जाडसर लोट नजरेनं धरायचा, तो खाली दिसेनासा होईपर्यंत तिनं बघायचं आणि आजोबांनी घड्याळ सांभाळायचं. दोघांचं बराच वेळ हेच चाललं होतं. दहा सेकंद काही भरेनात. तिनं वहीत लिहिलं, ‘पाचशे मीटर हा आकडा पटत नाही. पण तळ नीट दिसत नव्हता आणि पाणी मधे खडकावर आपटत होतं, त्यामुळे खरी उंची सांगता येत नाही. त्यासाठी समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा पाहावा लागेल.’

त्यावर शेरा आहे, ‘उंची निश्चित लिहा. चित्रे वाढवा.’

बाईंचा मला राग नाही. त्यांच्या टेबलावर वह्यांचा ढीग असतो, वर वर्ग आहेत, जनगणना-निवडणुकीची कामं आहेत. पण वहीचा साचाच असा झालाय की मुलानं डोळे मिटून प्रकल्प केला तरी चालतं. मुखपृष्ठ, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष. स्टेशनरीच्या दुकानात विषय सांगितला की छापील मजकूर आणि रंगीत चित्रांचा संच मिळतो. तो कापून चिकटवायचा आणि कडेला चमकीच्या पेनानं नक्षी काढायची. निरीक्षणंसुद्धा दुकानातूनच येतात! अशा वहीला शाबासकी मिळते आणि ‘सांगता येत नाही’ असं लिहिणाऱ्या मुलीला लाल शाई.

त्या दिवशी तिथं जे कळलं त्याला वहीत रकानाच नव्हता. तिकिटं फाडणाऱ्या गावातल्या मुलाला तिनं विचारलं, ‘दादा, हे पाणी पुढं कुठं जातं?’ तो म्हणाला, ‘तारळीतनं उंब्रजला, कृष्णेत.’ म्हणजे अरबी समुद्राकडून आलेला पाऊस इथं कड्यावर पडतो आणि कृष्णेबरोबर आडवा भारत ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. नकाशावर ही गोष्ट तिनं कितीदा तरी पाहिली असेल, पण त्या उत्तरानंतर ती पुन्हा कठड्याकडे धावली. उन्हाळ्यात इथं काय असतं, असं विचारल्यावर तो हसून म्हणाला, ‘कातळ.’ जलसुरक्षा विषयाचा गाभा खरं तर इथंच आहे. घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो, पण खाली बेसॉल्टचे टणक थर; पाणी फारसं मुरत नाही, उतारानं निघून जातं. समोरच्या कड्यात ते आडवे थर एकावर एक रचलेले स्वच्छ दिसत होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला आणि थिजला, त्याच्या त्या पायऱ्या. सह्याद्रीतली कितीतरी गावं पावसाळ्यात चिंब असतात आणि एप्रिल-मेमध्ये हंड्यासाठी वणवण करतात, त्याचं बरंचसं कारण या दगडात आहे.

त्याच मुलानं आणखी एक सांगितलं. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं की वर पाऊस वाढला असं समजायचं आणि काठ सोडायचा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हापासून पावसाळी पर्यटनावर दरवर्षी कुठं ना कुठं बंदीचे आदेश निघतात. ते निघावेतच. पण पाणी का वाढतं, कसं ओळखायचं, हे दहावीपर्यंत एकदा तरी शिकवायला नको का?

शिक्षकांना आणि प्रकल्पांचे विषय ठरवणाऱ्यांना विनंती एवढीच आहे. निरीक्षणांची दोन पानं मुलानं स्वतःच्या अक्षरात, चित्राशिवाय लिहावीत, आणि त्यात स्थानिक माणसाला विचारलेला निदान एक प्रश्न असावा. मोजता आलं नाही तर का आलं नाही, हे लिहिण्याची मुभा असावी. तपासताना सगळी वही वाचायला वेळ नसेल तर तीच दोन पानं वाचावीत. पाण्याचे विषय जूनमध्येच द्यावेत म्हणजे पावसाळा हाताशी असतो. आणि दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राचे विषय निघतील, त्यात या मुलांना पुन्हा तोच धबधबा द्यावा. फेब्रुवारीत जाऊन तिथं पाणी किती उरलंय ते बघून येऊ देत.

आपली,
एक पालक, सातारा